बदलत्या मऊ पदार्थांवर टोपोलॉजिकल डेटा अ‍ॅनालिसिस: डायग्राम काढायच्या आधी काय काय करायचं

जेल हळूहळू जुनं होतंय, फोमचे बुडबुडे एकमेकांना गिळत मोठे होतायत, इमल्शनचे थेंब जुळतायत, असा काहीही बदलणारा मऊ पदार्थ घ्यायचा, त्याच्या फ्रेम्सवर पर्सिस्टंट होमोलॉजी (रचनेतले तुकडे, लूप नि पोकळ्या मोजायची टोपोलॉजिकल पद्धत) लावायची आणि ग्राफवर बोट ठेवून म्हणायचं की बघा, इथे रचना बदलली. आता हे बरेच जण करतात, कारण कोड जेमतेम दहा ओळींचा आहे. आणि बहुतेक वेळा जो 'बदल' दिसतो तो पदार्थातला नसतोच, तो लेसर मंदावल्याचा असतो, नाहीतर थ्रेशोल्डचा (किती ब्राइट असेल तर कण धरायचा ती मर्यादा), नाहीतर फ्रेममधले कण कमीजास्त झाल्याचा. मी स्वतः एकदा जेलच्या सिरीजमध्ये सुंदर तुटक उडी बघितली होती आणि आठवडाभर तिचा अर्थ लावत बसलो होतो, शेवटी कळलं की त्याच फ्रेमपासून खोलवरचे फिके कण सापडायचे बंद झाले होते. म्हणून या लेखात डायग्राम काढण्यापेक्षा त्याच्या आधीच्या कामावर जास्त जागा घालवलीय.

बर्थ, डेथ, डायग्राम हे शब्द ओळखीचे आहेत असं धरतो. तरी एका दमात सांगायचं तर प्रत्येक कणाच्या केंद्राभोवती गोळा फुगवत न्यायचा, गोळे एकमेकांना भिडले की सुटे तुकडे जोडले जातात (डायमेन्शन ०), लूप तयार होतात आणि भरतात (डायमेन्शन १), बंद पोकळ्या तयार होतात आणि भरतात (डायमेन्शन २), आणि प्रत्येक गोष्ट कुठल्या त्रिज्येला जन्मली (बर्थ) नि कुठल्या त्रिज्येला संपली (डेथ) याची नोंद म्हणजे डायग्राम, त्यात प्रत्येक गोष्टीचा एक बिंदू, आणि डेथ वजा बर्थ म्हणजे तिचं आयुष्य. उदाहरण म्हणून पूर्ण लेखभर साधारण १ मायक्रॉन व्यासाच्या कणांचं कोलॉइडल जेल (द्रवात कण एकमेकांना चिकटून बनलेलं जाळं) आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपचे थ्रीडी स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांची चळत, एक स्टॅक म्हणजे एक फ्रेम) धरतो, फोम-इमल्शनवाल्यांसाठी मध्ये मध्ये वेगळं लिहितो.

## १. आधी ठरवा: साइज बदलतेय की आकार?

कागदावर एक वाक्य लिहा की तुम्हाला नक्की काय बघायचंय. 'रचनेतला बदल' हे उत्तर नाही. पोकळ्या मोठ्या होतायत का, जाळ्याच्या फांद्या जाड होतायत का, की कणाच्या अगदी शेजारची मांडणी बदलतेय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डायग्राममध्ये तीन वेगळ्या जागी दिसतात.

खरा घोळ इथे होतो: बरेच पदार्थ जुने होताना फक्त मोठे होतात, आकार तोच राहतो. कोरड्या फोममध्ये बुडबुड्यांची सरासरी साइज पुढे जाऊन वेळेच्या १/२ घाताने वाढते, डिफ्युजनने मोठ्या होणाऱ्या थेंबांमध्ये १/३ घाताने. अशा सिरीजवर कच्च्या मायक्रॉनमध्ये डायग्राम काढले तर प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी दिसणारच, त्यात टोपोलॉजीने नवीन काय सांगितलं? म्हणून प्रत्येक फ्रेम तिच्या स्वतःच्या सरासरी लांबीने भागून दुसरा संच काढायचा. भागल्यावर सगळे डायग्राम एकमेकांवर बसले तर पदार्थ फक्त वाढतोय. नाही बसले तर आकार खरंच बदलतोय, आणि तेव्हाच पुढची मेहनत सार्थकी लागते. दोन्ही संच ठेवा, एकच ठेवू नका.

## २. मोजणी करतानाच बेसलाइन घ्या

हे नंतर करता येत नाही, म्हणून प्रयोग संपायच्या आत करा. पदार्थ जवळजवळ थांबलेला असताना, म्हणजे पाच स्टॅकच्या वेळात काहीच बदलणार नाही असं खात्रीने वाटतं तेव्हा, पाठोपाठ ५ स्टॅक घ्या. पाचांच्या १० जोड्या होतात, त्या जोड्यांच्या डायग्राममधलं अंतर (कसं काढायचं ते टप्पा ९ मध्ये) म्हणजे तुमच्या यंत्राचा नि कण शोधण्याचा आवाज, म्हणजे नॉइज. पुढे कुठलाही 'बदल' या आवाजाच्या वर आहे का तेच बघायचं असतं, आणि बेसलाइन नसेल तर त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

दुसरं, स्कॅनचा वेग. पाण्यात मोकळा फिरणारा १ मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण ०.४ चौरस मायक्रॉन या दराने डिफ्यूज होतो, म्हणजे एका सेकंदात तो स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त, दीड मायक्रॉनच्या आसपास सरकतो. स्टॅक घ्यायला १० सेकंद लागत असतील तर मोकळे कण तुमच्या डेटात कुठेही, कितीही वेळा दिसतील. जाळ्यात अडकलेले कण ठीक असतात. त्यामुळे जेल बनायच्या आधीच्या फ्रेम्स आणि नंतरच्या फ्रेम्स सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका, आधीच्या फ्रेम्समधला निम्मा फरक स्कॅनचा असू शकतो.

चेक: पूर्ण नमुना हळूहळू सरकत असेल तर त्याने घाबरू नका. अंतरांवर चालणाऱ्या फिल्ट्रेशनला (म्हणजे गोळे फुगवत नेण्याला) सरकण्या-फिरण्याने काही फरक पडत नाही, कणांना ओळख देऊन फ्रेममागून फ्रेम ट्रॅक करायचीही गरज नाही. फक्त कडेने आत-बाहेर जाणारे कण बदलतात, त्याचं टप्पा ७ मध्ये.

## ३. कण शोधणं, इथेच सगळं जिंकतं किंवा हरतं

पर्सिस्टंट होमोलॉजीच्या बाजूने एक मोठी गोष्ट नेहमी सांगितली जाते की ती स्थिर आहे. खरं आहे, पण कुठल्या चुकीसाठी स्थिर ते नीट वाचा. प्रत्येक कणाची जागा जास्तीत जास्त ५० नॅनोमीटरने चुकली तर डायग्राममधले बिंदूही जास्तीत जास्त ५० नॅनोमीटरने हलतात (त्रिज्येच्या स्केलवर). हे झालं थोडं हललेल्या कणांसाठी. सुटलेल्या किंवा खोट्या कणांसाठी असली काही हमी नाही. पोकळीच्या मधोमध एक खोटा कण आला की ती आख्खी पोकळी गेली, तिच्या जागी दोन-तीन छोट्या आल्या. फांदीतला एक कण सुटला की लूप उघडला. म्हणजे जागा अचूक करण्यात रात्री घालवण्यापेक्षा 'सगळे कण सापडले का आणि फक्त खरेच सापडले का' यावर वेळ घालवा, लोक बरोबर उलटं करतात.

करायच्या गोष्टी या क्रमाने:

- प्रत्येक स्टॅकची ब्राइटनेस आधी सारखी करा, खोलीनुसार वेगळी आणि वेळेनुसार वेगळी. फ्लुओरेसन्स विझत जातो आणि ठराविक थ्रेशोल्ड ठेवला तर कण गळत जातात.
- कणांची संख्या विरुद्ध वेळ असा साधा ग्राफ काढा. एकाच जागेचा व्हॉल्यूम असेल आणि जेल आकसत किंवा बसत नसेल तर ही रेषा सपाट हवी. उतार असेल तर थांबा, पुढे जाऊ नका.
- हाच ग्राफ खोलीनुसारही काढा. वरच्या थरात भरपूर आणि खाली विरळ असेल तर खालचा भाग सरळ कापून टाका. डेटा टाकायला जीवावर येतं हे कळतं, पण ठेवला तर तो खोट्या पोकळ्या बनवतो.
- एकाच कणाला दोनदा धरलंय का ते बघा. व्यासाच्या अर्ध्याहून जवळ असलेल्या दोन केंद्रांची जोडी म्हणजे जवळजवळ नक्की चूक.
- उभ्या दिशेचं कॅलिब्रेशन तपासा. जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर आडव्या जोड्यांसाठी आणि उभ्या जोड्यांसाठी वेगवेगळं काढा, पहिलं शिखर एकाच जागी यायला हवं. द्रव आणि लेन्सचा अपवर्तनांक जुळत नसेल तर उभी लांबी दबलेली किंवा ताणलेली येते आणि मग सगळे लूप चपटे होतात.

सावधान: कण शोधायचे पॅरामीटर फ्रेमगणिक हाताने 'थोडे सुधारू' नका. एकदा ठरवा, सगळ्या सिरीजला तेच लावा. हाताने सुधारलेल्या फ्रेमपाशीच नेमकी उडी दिसते, आणि मग ती कुणाची हे सांगता येत नाही.

आता तुमच्या अचूकतेत काय दिसू शकतं याचा हिशेब करून ठेवा. जागेतली चूक जितकी असेल त्याच्या दुप्पटीपेक्षा कमी आयुष्य असलेल्या एकेका बिंदूवर विश्वास ठेवता येत नाही. एकमेकांना चिकटलेल्या तीन कणांचा त्रिकोण व्यासाच्या ०.५ पटीला जन्मतो आणि ०.५७७ पटीला भरतो, म्हणजे १ मायक्रॉनच्या कणांसाठी आयुष्य फक्त ७७ नॅनोमीटर. चार कणांच्या टेट्राहेड्रॉनच्या पोकळीचं तर ३५ नॅनोमीटरच. उभ्या दिशेत १०० नॅनोमीटरची चूक असेल तर ही बारीक मांडणी तुम्हाला दिसणारच नाही, मोठे लूप नि मोठ्या पोकळ्या दिसतील, आणि त्यावरच बोलायचं.

## ४. बिंदू की चित्र? आणि कुठलं कॉम्प्लेक्स?

कण सुटे ओळखता येत असतील तर पॉइंट क्लाउड, म्हणजे कणांच्या केंद्रांचे नुसते बिंदू. कॉम्प्लेक्स म्हणजे बिंदू, कडा, त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, त्यावर सगळी मोजणी होते. थ्रीडी मध्ये जवळजवळ नेहमी अल्फा कॉम्प्लेक्स घ्या, रिप्स नको. कारण दोन आहेत. पहिलं, साइज: १०,००० बिंदूंमध्ये जोड्याच सुमारे ५ कोटी होतात आणि पोकळ्यांसाठी रिप्सला चार-चार बिंदूंचे गट लागतात, मेमरी संपते. अल्फा कॉम्प्लेक्स डेलॉने जाळीवर (बिंदूंमधली जागा टेट्राहेड्रॉनमध्ये वाटणारी जाळी) चालतं, त्यात विखुरलेल्या बिंदूंसाठी दर बिंदूमागे साधारण ६.८ टेट्राहेड्रॉन असतात, म्हणजे १०,००० बिंदूंना ६८,००० च्या आसपास, लॅपटॉपवर आरामात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: रिप्समध्ये तीन कडा आल्या की त्रिकोण त्याच क्षणी भरतो, म्हणजे त्रिकोणाचं आयुष्य शून्य. कणांची जवळची मांडणी बघायची असेल आणि रिप्स वापरलं तर जे बघायचं तेच तुम्ही पुसून टाकलं.

कण वेगवेगळ्या साइजचे असतील (इमल्शन, ओला फोम) तर साधं अल्फा चुकीचं चित्र देतं, तिथे वेटेड अल्फा घ्या आणि वजन म्हणून त्रिज्येचा वर्ग द्या. मग बिंदूंचा जन्म शून्याला होत नाही, उणे आकड्याला होतो. ते बघून 'काहीतरी बिघडलं' म्हणून लोक उणे बिंदू गाळतात. गाळू नका.

कण सुटे करता येत नसतील, म्हणजे दोन द्रव वेगळे होतायत किंवा फोमच्या भिंती आहेत, तर चित्रावर क्युबिकल कॉम्प्लेक्स, म्हणजे त्रिकोणांऐवजी चित्राच्या ठोकळ्यांचा सांगाडा. इथे करड्या रंगावर थेट फिल्ट्रेशन लावलं तर ब्राइटनेसच बर्थ-डेथ बनते, आणि ब्राइटनेस वेळेनुसार घसरते हे वर झालंच. चित्र काळं-पांढरं करा, मग साइन्ड डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (प्रत्येक जागेचं सीमेपासूनचं अंतर) घ्या, पदार्थाच्या आत उणे, बाहेर अधिक. तुकड्याच्या बर्थचा उणे आकडा म्हणजे त्या जागची अर्धी जाडी, अर्थ लगेच कळतो. दोन सापळे:

- व्हॉक्सेल (थ्रीडी चित्राचे ठोकळे) उभ्या दिशेत लांब असतात. डिस्टन्स ट्रान्सफॉर्मला ते सांगावं लागतं, पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या फंक्शनमध्ये 'सॅम्पलिंग' नावाचा पॅरामीटर त्यासाठीच आहे. न सांगता चालवलं तर एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं.
- व्हॉक्सेलला पूर्ण ठोकळा धरायचं की नुसता शिरोबिंदू, यावर कोपऱ्याने चिकटलेले दोन व्हॉक्सेल जोडलेले की सुटे ते ठरतं. एका व्हॉक्सेलची पातळ भिंत एका पद्धतीत बंद असते नि दुसरीत गळते. भिंत किमान तीन व्हॉक्सेल जाड येईल असं रिझोल्यूशन ठेवा आणि पद्धत सगळ्या सिरीजला एकच.

## ५. युनिट जुळवा

छोटा टप्पा आहे पण इथे पडणारे खूप. गुधी या लायब्ररीचं अल्फा कॉम्प्लेक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये त्रिज्येचा वर्ग देतं. रिप्सर (रिप्स काढणारी लायब्ररी) दोन बिंदूंमधलं पूर्ण अंतर देतं, म्हणजे व्यासाच्या स्केलवर. एकमेकांपासून १ अंतरावरचे दोन बिंदू एकात ०.२५ ला जुळतात नि दुसऱ्यात १ ला. वर्गमूळ घ्या, सगळं त्रिज्येवर आणा, मग कणाच्या व्यासाने भागा. आणि हे अंतरं मोजायच्या आधी करा, नंतर नाही, कारण वर्गाच्या स्केलवर मोठ्या पोकळ्यांमधलं थोडंसं हलणंही प्रचंड दिसतं आणि टप्पा ३ मधला ५० नॅनोमीटरचा हिशेब तिथे लागूच होत नाही.

## ६. खऱ्या डेटाआधी ओळखीच्या रचनेवर परीक्षा

फेस-सेंटर्ड क्यूबिक जाळीचे काही हजार बिंदू तयार करा, जवळच्या शेजाऱ्याचं अंतर १. तुमच्या पूर्ण कोडमधून, वर्गमूळ-भागाकारासकट, ते जाऊ द्या. आतल्या भागातून हे यायला हवं:

- तुकडे सगळे ०.५ ला जुळलेले
- लूप ०.५ ला जन्म, ०.५७७ ला मृत्यू
- पोकळ्यांचे दोनच ढीग: (०.५७७, ०.६१२) आणि (०.५७७, ०.७०७)

पहिला ढीग टेट्राहेड्रॉनच्या पोकळ्यांचा, दुसरा ऑक्टाहेड्रॉनच्या, आणि पहिल्यात दुसऱ्याच्या दुप्पट बिंदू हवेत, कारण या जाळीत दर कणामागे दोन टेट्राहेड्रल आणि एक ऑक्टाहेड्रल जागा असते. (०.३३३, ०.३७५) आणि (०.३३३, ०.५) असे आकडे आले तर वर्गमूळ राहिलंय. पोकळ्या आल्याच नाहीत तर डायमेन्शनची मर्यादा बघा, पायथनमधलं रिप्सर न सांगता फक्त लूपपर्यंतच जातं.

मग याच जाळीतले ५ टक्के बिंदू उडवा आणि डायग्राम परत बघा. कण सुटले की काय दिसतं ते डोळ्यात बसवून घ्या, पुढे खऱ्या डेटात तसंच काही दिसलं तर आधी टप्पा ३ आठवेल.

## ७. कडा

फ्रेमच्या कडेला अर्धे लूप, उघड्या पोकळ्या असतात आणि त्यांची डेथ खोटी असते. जो त्रिकोण किंवा टेट्राहेड्रॉन येऊन लूप वा पोकळी भरते तिची जागा लायब्ररीकडून मागून घ्या, आणि ती कडेपासून, तुम्हाला अपेक्षित सर्वात मोठ्या पोकळीच्या त्रिज्येपेक्षा जवळ असेल तर तो बिंदू मोजू नका. कण मात्र सगळे ठेवायचे. आधी कडेचे कण कापून मग डायग्राम काढला तर फक्त कड आत सरकते, प्रश्न तसाच राहतो.

सिम्युलेशन असेल तर पिरियॉडिक आवृत्ती (बॉक्सच्या समोरासमोरच्या कडा जोडलेली) वापरा. तिथे तीन लूप आणि तीन पोकळ्या कधीच मरत नाहीत, त्या बॉक्सच्या स्वतःच्या आहेत, पदार्थाच्या नाहीत. काढून टाका.

## ८. आता डायग्राम

काढा. आणि सरासरी वगैरे काढायच्या आधी पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम शेजारी लावून नुसतं बघा.

एक सवय इथे सोडावी लागते: 'डायगोनलजवळचं सगळं नॉइज' (डायगोनल म्हणजे बर्थ नि डेथ सारखी असलेली रेषा, तिच्याजवळ आयुष्य छोटं). ती सवय दुसऱ्या प्रकारच्या डेटातून आलीय. पदार्थात कणाच्या शेजारची मांडणी हीच बरीचशी माहिती असते आणि तिचं आयुष्य छोटंच असतं, वरच्या त्रिकोणाचं ०.०७७ बघा. सरसकट कटऑफ लावू नका. गाळायचं तर टप्पा ३ मधल्या तुमच्या मोजणीच्या चुकीवरून गाळा, डोळ्याला बरं दिसतं म्हणून नको.

## ९. वेळेनुसार तुलना

दोन फ्रेम्समधलं अंतर म्हणजे त्यांच्या डायग्राममधल्या बिंदूंच्या जोड्या लावून ते किती हलले ते. हे बॉटलनेकने काढलं तर ते फक्त सगळ्यात वाईट एका जोडीकडे बघतं, म्हणजे एका खोट्या कणाने ग्राफ उडतो. पदार्थभर हळू चाललेल्या बदलासाठी वासरस्टाइन (सगळ्या जोड्यांचं मिळून अंतर) घ्या, आणि ते बिंदूंच्या संख्येबरोबर वाढतं म्हणून दर कणामागे करा, किंवा प्रत्येक फ्रेममधून सारखाच व्हॉल्यूम घ्या. पर्सिस्टन्स इमेज (डायग्रामचे बिंदू ब्लर करून, वजन देऊन ग्रिडवर केलेलं चित्र) करणार असाल तर ग्रिड, हद्द आणि ब्लरची रुंदी सगळ्या फ्रेम्सना एकच. प्रत्येक फ्रेमला आपोआप हद्द ठरवू दिली तर नेमकी वाढच लपते. वजन डायगोनलवर शून्य हवंच, पण आयुष्याबरोबर सरळ वाढणारं वजन मोठ्या पोकळ्यांना झुकतं माप देतं, जवळची मांडणी बघायची असेल तर लवकर सपाट होणारं वजन निवडा.

मग तीन रेषा एकाच ग्राफवर काढा: तुमची सिरीज, टप्पा २ ची बेसलाइन, आणि त्याच व्हॉल्यूम फ्रॅक्शनचं (एकूण जागेपैकी कणांनी व्यापलेला हिस्सा), एकमेकांत न घुसणाऱ्या गोळ्यांचं साधं द्रव. नुसते रँडम बिंदू घेऊ नका, ते एकमेकांवर चढतात, त्यांच्यापेक्षा वेगळं असणं कुठल्याही खऱ्या पदार्थाला सोपं आहे.

सावधान: एका नमुन्याच्या २०० फ्रेम्स म्हणजे २०० पुरावे नाहीत, पाठोपाठच्या फ्रेम्स एकमेकींच्या जवळजवळ कॉपी असतात. किमान तीन स्वतंत्र नमुने करा. मशीन लर्निंग लावणार असाल तर एक नमुना पूर्ण बाजूला ठेवून त्यावर तपासा, फ्रेम्स मिसळून अर्ध्या-अर्ध्या वाटल्या तर अचूकता सुंदर येते आणि तिचा काही अर्थ नसतो.

## १०. डायग्राममधून परत पदार्थात

उडी दिसली? त्या फ्रेमच्या आधी-नंतर डायग्रामच्या कुठल्या भागात बिंदू वाढले ते शोधा, त्या बिंदूंच्या डेथच्या जागा मूळ स्टॅकवर रंगवा आणि डोळ्यांनी बघा. होमक्लाउड या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय तयार आहे. लूपची जी रेषा लायब्ररी दाखवते ती एकमेव नसते, त्याच लूपसाठी दुसरीही रेषा चालली असती, म्हणून 'हीच साखळी तुटली' असं लिहू नका, 'या भागात या साइजचे लूप भरले' एवढं लिहा. रंगवलेल्या जागा सगळ्या तळाशी किंवा एका कोपऱ्यात आल्या तर तो पदार्थ नाही, तो मायक्रोस्कोप आहे.

शेवटी दोन कामं राहतात. कण शोधायचा थ्रेशोल्ड १० टक्के वर आणि १० टक्के खाली करून टप्पा ३ पासून सगळं परत चालवा, उडी त्याच वेळेला राहिली पाहिजे. आणि त्याच सिरीजवर शेजाऱ्यांची सरासरी संख्या नि जोड्यांच्या अंतराचा साधा आलेख काढा. त्यातच तोच बदल त्याच वेळेला दिसत असेल तर तसं सरळ लिहा आणि टोपोलॉजीने त्यावर काय जास्तीचं सांगितलं, पोकळ्यांची साइज, लूप कुठल्या त्रिज्येला भरतात, तेवढंच टोपोलॉजीच्या नावावर मांडा.